टायटनच्या तळ्यातला पांढरा ठिपका

आधीच सांगते, भानामती, देवाचा कौल असलं काही मी मानत नाही. नुसतं मानत नाही असं नाही, गावोगाव पत्रकं वाटून त्याविरुद्ध बोलते. 'चमत्काराचा दावा असेल तर तो घडायच्या आधी, चारचौघांसमोर सांगा' – पत्रकातलं हे वाक्य माझंच.

गेल्या हिवाळ्यात चारठाण्याच्या शाळेत सकाळी आमचा कार्यक्रम होता. आभाळात खरं काय आहे ते बघा, म्हणून मी प्रोजेक्टरनं भिंतीवर शनीच्या टायटन या चंद्राचं चित्र लावलं... यानावरच्या रडारनं टिपलेलं. तिथं कायम दाट धुकं, साध्या कॅमेऱ्याला जमीन दिसत नाही. रडारच्या लहरी आरपार जातात. खडबडीत जागेवरून परत येतात, ती पांढरी दिसते. तळं गुळगुळीत, तिथून काही परत येत नाही, म्हणून काळं.

शेळ्या राखणाऱ्या कांताबाई पुढंच बसल्या होत्या. म्हणाल्या, "हे तर आपलं येलदरी धरण दिसायलंय. इतक्या लांब कशाला गेले मग?" सगळे हसले. मग त्यांनीच विचारलं, "काळ्यात ते पांढरं काय हाय?"

ठिपका. जमिनीची जीभ तळ्यात घुसलीय, तिच्या टोकाशी. हे चित्र मी किती गावांत दाखवलंय... ठिपका कधीच नव्हता. भिंत पुसली, लेन्स पुसली. जाईना.

तेवढ्यात वहिनीचा फोन. दादा पहाटे थर्माकोलच्या तराफ्यावर येलदरीत जाळं काढायला गेला होता, धुक्यात परतलाच नव्हता. त्याची जाळी नेहमी धरणाच्या भिंतीकडं, म्हणून लोक तिकडंच शोधत होते. माझ्या तोंडून निघून गेलं – "तिकडं नको वहिनी. वरच्या अंगाला जमिनीची जीभ हाय ना पाण्यात, तिच्या टोकाला बघा."

सगळ्या शाळेनं ऐकलं.

दादा तिथंच सापडला. तराफा तुटून वाऱ्यानं वाहवत गेलेला, बुडालेल्या बाभळीला धरून बसलेला, गारठलेला... पण जिवंत! दवाखान्यात मला बघून म्हणतो, "आता काय छापतीस गं पत्रकात?" मी रडता रडता हसले.

संध्याकाळी तेच चित्र उघडलं. तळं नुसतं काळं.

पुढं कुणीतरी शाळेच्या त्या भिंतीला हळदकुंकू लावलं. मी स्वतः जाऊन धुतलं, लावणाऱ्यांना सुनावलंही. योगायोग म्हणा, प्रोजेक्टरचा बिघाड म्हणा, मीही तेच म्हणून बघितलं. पटत नाही. पत्रकातलं ते वाक्य मात्र अजून तसंच छापते. आजवर त्या अटीत एकटी मीच बसले, आणि कुणी विचारलं तर माझ्याकडं उत्तर नाही... दादा आहे.