बेसमेंटची फरशी आणि खंडेनवमी

एखाद्या बाईचं बजेट कमी आहे म्हणून तिला टिकणार नाही असं काम विकायचा हक्क आम्हाला कोणी दिला? हा प्रश्न मी आमच्या शेठना साइटवरून फोन करून विचारला. ते म्हणाले, "तुला पगार कोण देतं?" आणि फोन ठेवला.

नाशिकमध्ये रंगकामाच्या एका कॉन्ट्रॅक्टरकडे मी साइट सुपरवायझर आहे. ही साइट म्हणजे पंचवटीतल्या जुन्या इमारतीचं बेसमेंट. मूळच्या सटाण्याच्या सुनंदाताई तिथे शिवणक्लास काढणार होत्या. खालच्या टाइल्स धड होत्या, पण पिवळ्या पडलेल्या. बदलणं परवडणारं नव्हतं, म्हणून एपॉक्सी रंग द्यायचं ठरलं. हा दोन डब्यांतला रंग. एकत्र केला की दगडासारखा कडक होतो. ताईंकडे पैसे एकदाच रंगवण्यापुरते होते. खंडेनवमीला मशीनची पूजा आणि दसऱ्याला क्लास सुरू, असा त्यांचा बेत.

टाइलवर रंग धरावा म्हणून तिची चकाकी पॉलिश पेपरने घासून घालवावी लागते. त्याआधी तेलकटपणा काढायचा. मी ताईंना सांगितलं होतं, "फरशी धुऊन ठेवा." चूक माझीच. मला ओल्या फडक्याने पुसणं म्हणायचं होतं. ताईंच्या बचत गटातल्या बायकांनी दसऱ्याची सफाई समजून बादल्या ओतल्या. बेसमेंटला मोरी नाही. टिपलं तेवढं टिपलं, बाकीचं पाणी जॉइंटमधून खाली उतरलं.

वरून फरशी कोरडी दिसत होती. मी चार ठिकाणी जॉइंटवर प्लास्टिकचे तुकडे ठेवून कडा टेपने बंद केल्या. दोन दिवसांनी काढले, तर चारही तुकड्यांना आतून थेंब. खाली ओल असली की रंग फुगतो आणि पापुद्र्यांसारखा सुटतो. शेठना हेच सांगायला फोन केला होता. त्यांचं म्हणणं, "वरून कोरडी आहे ना? मारून टाक. नवमीला चमकली म्हणजे झालं."

मी ते प्लास्टिक ताईंना दाखवलं. माझी चूकही सांगितली.

"आत्ता मारला तर किती टिकल?"

"चार महिने. कदाचित तेवढेही नाही."

"आन थांबलो तर?"

"आठवडाभर पंखे लावू, परत तपासू. रंग दिल्यावर आणखी आठवडा मशीनं ठेवता येणार नाहीत."

"म्हणजे नवमी गेली."

"गेली."

ताई पायरीवर बसल्या. "क्लासच्या बारा बायकांना दसरा सांगून बसले मी," त्या म्हणाल्या. मग हात पुढे केला. "शेठला लाव फोन. स्पीकरवर टाक."

शेठनी उचलला. ताई म्हणाल्या, "शेठ, आजच रंग मारा. फक्त वर्षभर निघणार नाही, एवढं कागदावर लिहून द्या."

शेठ म्हणाले, "अहो ताई, पोरीनं उगाच घाबरवलं तुम्हाला."

"पोरीनं प्लास्टिक दाखवलं. मी काय खुळी शे का?"

"बरं. वाळू द्या."

खंडेनवमीला ताईंनी जिन्याच्या वळणावर एकच मशीन ठेवून त्याला झेंडूचा हार घातला. बाकीची मशीनं अजून ताईंच्या घरीच होती. आठवड्याने परत प्लास्टिक लावलं. तीन जागा कोरड्या निघाल्या, पाइपाजवळच्या कोपऱ्यात पुन्हा थेंब. तो कोपरा सोडून आम्ही बाकीची फरशी रंगवली. बारातल्या दोन बायका तोवर दुसऱ्या क्लासला गेल्या. त्याचं मला अजून वाईट वाटतं. शेठनी मला दोन महिने गोडाऊनवर बसवलं.

आता वर्ष होऊन गेलंय. मशीनच्या पायांखाली चरे पडलेत, पण रंग कुठे सुटलेला नाही. रंग फरशीला धरतो, मुहूर्ताला नाही.

तुमच्या घरी काम करणारं कुणी "थांबा" म्हणालं, तर तो आळस समजू नका. कारण दाखवायला सांगा. दाखवलं, तर त्याच्या मालकाला तुम्ही स्वतः फोन करा आणि दिवस वाढवून द्या.