निकमकाकूंच्या पडवीतले आठ व्हॉल्व

प्रत्येक घरात एक डबा असतो. त्यात सुटे स्क्रू, वायसर, कशाचं तरी झाकण, कुठल्या तरी कुलपाची किल्ली असं साठत जातं. लागत काही नाही, पण टाकवतही नाही. आमच्या साताऱ्याच्या गल्लीतल्या किश्श्यांचं तसंच आहे. नव्वदीतली आमची जुनी मोटारगाडी केव्हाच गेली, पण चार माणसं जमली की कुणीतरी डबा उपडा करतंच!

मंडळी तीनच घरची. मी आणि माझी बायको शैला, दोघंही नोकरीवाले. शेजारी सुभेदार निकमकाका, फौजेच्या वर्कशॉपातून रिटायर झालेले, आणि निकमकाकू. समोर पलूसचा माने, एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला. आमची मुलगी काकूंच्या मांडीवर वाढली. आम्ही बिनघोर नोकऱ्या केल्या त्या त्यांच्या जिवावर, हे मी कुणालाही सांगतो.

एका वर्षी काकूंना अर्धांगाचा झटका येऊन गेला. बाकी सगळं सावरलं, उजवा हात तेवढा उठेना. दर महिन्याला मी त्यांना गाडीनं मिरजेच्या डॉक्टरांकडे न्यायचो. बोटांच्या व्यायामाला त्यांनी रबरी चेंडू दिला, तो काकूंनी परस्पर आमच्या मुलीला देऊन टाकला. "ह्या वयात मी चेंडू खेळत बसू व्हय?"

डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, "हात आत्ता हलला नाही, तर असाच राहील." त्या दिवसापासून सगळ्यांना धास्ती होती. काकू सोडून!

* * *

आणि नेमकी तेव्हाच गाडी आजारी पडली.

यवतेश्वरच्या घाटात ती धापा टाकायला लागली. काका, माने, शैला सगळे उतरून चालू लागले, तरी चढेना. डोक्यावर जळणाचा भारा घेतलेली एक बाई आम्हाला मागे टाकून पुढे गेली. वळणावर थांबून म्हणाली, "येताय का मागनं? का भारा ठिऊन ढकलू?"

घरी आल्यावर काकांनी प्लग काढले आणि एकेका भोकावर अंगठा दाबून धरला. मी आत बसून स्टार्टर मारायचा. तीन ठिकाणी आतल्या हवेनं अंगठा उडाला, चौथ्या ठिकाणी ढिम्म.

"तीन जवान ड्यूटीवर, चौथा रजेवर!" काकांनी निकाल दिला. "व्हॉल्व जळालाय."

व्हॉल्व म्हणजे इंजिनातली छोटी दारं, चार सिलिंडरची मिळून आठ. आमचं एक दार घट्ट लागत नव्हतं आणि गाडीची ताकद तिथून पळून जात होती.

* * *

सांगली माझी सासुरवाडी. तिथल्या एका जुन्या मिस्त्रींकडे काका आणि मी विचारायला गेलो. आवारात गाड्यांची ही रांग! शेवटच्या गाडीखाली एक कोंबडी अंड्यांवर बसलेली.

"आमचा नंबर कधी लागेल?" मी विचारलं.

मिस्त्रींनी कोंबडीकडे बोट दाखवलं. "पिल्लं निघाल्याबिगर ती गाडी हलत न्हाई. तुमची तिच्या मागं."

"आणि आम्ही घरीच उघडलं तर?"

"उघडा की. उघडतं कुनीबी. बंद केल्यावर हातात जे उरंल, ते घिऊन माझ्याकडं येऊ नका!"

परतताना काकांनी बाजारातून एक नवा व्हॉल्व, घासायची पेस्ट आणि रबरी टोपीची काठी घेतली. "नुसतं असू दे घरात," म्हणाले. तेव्हाच मी काय ते ओळखलं.

* * *

पडवीत बैठक बसली. इंजिन घरी उघडायचं की नाही?

काका म्हणाले, "फौजेत आमी वाळवंटात पूरा इंजिन खोललाय, चादरीवर!"

माने म्हणाला, "काका, फौजेत गाडी सरकारची असती!"

शैलाचं मत तर तयारच होतं. "ह्यांनी गेल्या दिवाळीत मिक्सर उघडला. तो अजून उघडाच आहे."

माझी काळजी एकच होती. मिरजेच्या पुढच्या तपासणीच्या आत गाडी जोडली गेली नाही, तर काकूंना एवढ्या लांब एसटीनं धक्के खात जावं लागेल, तेही एका हातानं. मी ते बोलून दाखवलं, तर काकूच आतून म्हणाल्या, "उघडा रं! जुळली न्हाई तर यष्टीनं जाऊ. यष्टी काय तुमी उघडली न्हाई अजून!"

ठराव पास!

* * *

इंजिनचं हेड, म्हणजे व्हॉल्व बसतात तो वरचा भाग, उतरवून पडवीतल्या जुन्या टेबलावर ठेवलं. जो व्हॉल्व ज्या जागेवरचा, तो तिथेच परत बसवायचा असतो. एकमेकांची जागा एकमेकांना चालत नाही. म्हणून काकांनी काकूंच्या आठ वाट्या ओळीनं मांडल्या आणि प्रत्येकीत एकेक व्हॉल्व ठेवला. जळका होता त्या वाटीत नवा. शिस्त म्हणजे शिस्त!

दुसऱ्या दिवशी काकांकडे पाटणचे पाहुणे आले. शैला मदतीला धावली. जेवायला वाट्या कमी पडत होत्या.

संध्याकाळी आम्ही येऊन बघतो, तर आठही व्हॉल्व ओट्यावर, मोठे एकीकडे, लहान एकीकडे, झकास ओळीत!

"चिंचेनं घासलेत," शैला कौतुकानं म्हणाली. "बघा तरी, कसे निघालेत!"

काका मटकन खाली बसले. काकूंनीच त्यांना पाणी दिलं. "आवं, दोन लढाया बघितलेला मानूस तुमी!"

"ह्येच्यापरास त्या बऱ्या हुत्या," काका म्हणाले.

आता कोण कुठला ते कळायला मार्ग नव्हता. आकारानं बसेल त्या जागी बसवायचा आणि आठही व्हॉल्व मुळापासून घासून त्या जागेशी जुळवायचे. दोन दिवसांचं काम कितीतरी लांबलं.

* * *

हे घासणं मोठं कंटाळवाणं असतं. व्हॉल्वच्या कडेला पेस्ट लावायची, तो जागेवर ठेवायचा, काठीची रबरी टोपी त्यावर चिकटवायची आणि काठी दोन्ही तळहातांत धरून इकडून तिकडे फिरवत राहायची. माने ते करत होता, काकू खुर्चीवरून बघत होत्या.

"मान्या, ताक घुसळायलास का थंडी वाजतीया?"

"काकू, मग तुमीच घुसळा की!" तो बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

काकू उठल्या. डाव्या हातानं उजवा उचलून टेबलावर ठेवला आणि त्यात काठी अडकवली. काठी पडली. परत अडकवली, परत पडली. काका आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मला वाटलं, आता काकू रडतील. त्या काठीलाच शिव्या घालत होत्या!

मग काठी फिरली. जराशी. चतकोरसुद्धा नाही.

"बघा," काकू म्हणाल्या. "लोनी यायला येळ लागतो."

मान्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पेस्ट उडाली म्हणाला.

त्यानंतर रोज दुपारी काकू हेडसमोर बसायच्या. आधी तळवा वळला, मग अंगठा आला, मग बोटं. चेंडूनं जे केलं नाही, ते या काठीनं चालवलं होतं. आमच्या गाडीनं आयुष्यात जे काही चांगलं केलं, त्यात व्हॉल्व जाळून घेणं सगळ्यात वरचं! मी त्या जळक्या व्हॉल्वचे मनापासून आभार मानतो, आजही.

* * *

तपासणीचा दिवस तोंडावर आला आणि हेड अजून टेबलावरच. बाहेर नुसता गाडीचा सांगाडा उभा.

माने म्हणाला, "काका, राहिलेले मी एका संध्याकाळी उडवतो. काकू गाडीनं जातील."

मलाही ते पटलं. काठीकडे हात गेला, तोच काका गरजले, "कुनी हात लावला तर कोर्ट मार्शल!" मग हळूच म्हणाले, "गाडी ऱ्हाऊ दे रं. तुमच्या काकूला घासू द्या."

मिरजेला काका, काकू, माने आणि मी असे चौघं एसटीनं गेलो. काकूंनी समोरचा दांडा उजव्या हातानं धरला होता. आम्ही तिघं चोरून त्या हाताकडेच बघत होतो.

* * *

डॉक्टरांनी आत बोलावलं. काकूंपुढे आपली दोन बोटं धरली आणि समजूत घालायच्या सुरात म्हणाले, "जमेल तेवढंच दाबा हं आजी. नाही जमलं तरी चालेल."

काकूंनी दाबलं.

"आई गं!" डॉक्टर ओरडले. सिस्टर पळत आत आली.

डॉक्टर बोटं झटकत त्या हाताकडे बघत राहिले. उलटा करून बघितला. नखांच्या कडा काळ्याकुट्ट. "आजी, काय व्यायाम केलात तुम्ही?"

काकूंनी पदर सावरला. उजव्या हातानं.

"तीन व्हॉल्व घासायचं राहिल्यात अजून," त्या म्हणाल्या. "ते झालं की गाडीच घिऊन येते!"