भैरवनाथाचा डावा कौल

आधी खरं सांगून टाकते. तीन आठवडे मी देवावर रागावले होते. नुसती रुसले नव्हते, चांगली भांडले होते. दिवा लावायचा सोडला, रविवारी देवळात जायचं सोडलं, आणि वाटेत देऊळ लागलं की पदर ओढून तोंड दुसरीकडं करायचे. पासष्टी ओलांडलेली बाई मी, पण राग आला की आला.

माझी धाकटी लेक मंगल लांब तमिळनाडूत वालपराईला असते. डोंगरातलं लहानसं गाव, चारी बाजूंनी चहाचे मळे, आणि मळ्यांना लागून जंगल. शिक्रापूरला कंपनीत होती तेव्हा वालपराईहून तिथं कामाला आलेल्या एका मुलाशी तिनं लग्न केलं. आमच्या मालकांना ते पटलं नाही. घरात तिचं नाव निघालं की ते ताटावरून उठायचे. पुढं तिचं पहिलं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं. तेव्हा तिचा फोन आला होता, "आई, ये." एवढंच बोलली. मी गेले नाही. मालकांना घाबरले. आता मालकही गेले, पण ते "ये" काही माझ्या कानातून गेलं नाही.

यंदा तिला पुन्हा दिवस राहिले. सातवा लागला आणि डॉक्टरनं पडून राहायला सांगितलं. लेकीचं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत, पण चाळीस वळणांचा घाट उतरून ती येणार कशी? म्हणून माहेरानंच तिकडं जायचं, असं मी ठरवलं. जावई म्हणाले, मी न्यायला येतो. मीच नको म्हटलं. तिला एकटीला टाकून कुठं येता?

थोरल्याला, संतोषला सांगितलं. तो लगेच हो म्हणाला, आणि मोबाईलवर बेत सुरू झाला. आम्ही, सुनेची बहीण, तिचा नवरा, दोघींची पोरं, सगळी मिळून नऊ माणसं. खिडकीतून चहाचे मळे दिसतील असं हॉटेल. जंगलात जीपची सफारी. हत्ती कुठल्या बाजूला दिसतात, कुठली माकडं दुर्मिळ आहेत, सगळं शोधून झालं. आणि जायचं कधी, तर नाताळच्या सुट्टीत. मंगलचे दिवस भरत होते कार्तिकात.

मी म्हटलं, "आरं, तवर ती बाळंत हुईल की."

"मग बरंच हाय. बाळ पण बघू, हत्ती पण बघू."

हातातलं लाटणं मी परातीत टाकलं. "मला एकटीला बसवून दे गाडीत."

"आई, तिथं गावात बिबट्या फिरतो."

"आन् आपल्या उसात काय ससं फिरत्यात व्हय? मागच्या म्हैन्यात अंगणातनं कुत्रं उचललं, ते कुणी?"

सुनेनं हसू दाबलं. संतोष हसला नाही. "एकटी न्हाई पाठवणार. हरवशील तू," म्हणाला आणि मोटर चालू करायला निघून गेला. मी किती तरी वेळ एकटीच बडबडत होते. पोळ्या करपल्या त्या करपल्याच.

दुसऱ्या दिवशी भैरवनाथापुढं कौल लावला. आमच्याकडं देवाच्या ओल्या अंगावर दोन फुलं चिकटवतात. उजवं पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. गुरव जुना, शांत माणूस. म्हणाला, "आजी, काय इच्यारायचं ते नीट इच्यारा." मी रागानं फणफणत होते, तरी हात जोडून विचारलं, "माझा पोरगा मला लेकीकडं नेईल का?" डावं पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा डावं. तिसऱ्यांदाही डावंच.

मी तिथंच देवाला बोलले. "जन्मभर तुला तेल घातलं, आन् तू पण त्यांच्याच बाजूचा."

तीन आठवडे असे काढले. एकीकडं राग आणि एकीकडं डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा, सगळं डब्यात भरणं चालू. मंगल फोनवर म्हणायची, "आई, तू नको त्रास घेऊ." त्याचाही राग यायचा. शेवटी एका सकाळी ठरवलं, पोरगा नाही म्हणतो, देव नाही म्हणतो, तर मी माझी जाते. केडगावला डोळे दाखवायला जाते असं सांगून दौंडची गाडी धरली. पण मनात धाकधूक होती. डावा कौल मोडून आमच्यात कुणी उंबरा ओलांडत नाही.

आरक्षणाच्या खिडकीत म्हटलं, वालपराईचं एक तिकीट द्या. आतला माणूस म्हणाला, "आजी, तिथं रेल्वेच जात न्हाई." मागची माणसं घाई करायला लागली. मी बाजूला बाकड्यावर जाऊन बसले आणि रागानं रडू आलं. या वयात, इतक्या लोकांत.

माझ्याच वयाची एक बुरख्यातली बाई शेजारी येऊन बसली. हातात कोरा फॉर्म होता. "वालपराईला ना? कोइमतूरला उतरायचं, तिथनं बसनं पोळ्ळाची, मंग घाट," म्हणाली. तिचे मालक रेल्वेत होते, आणि धाकटा मुलगा कोइमतूरला नोकरीला होता. ती त्याच्याकडंच निघाली होती. नाव रशीदाबी. तिनं विचारलं आणि मी सगळं सांगून मोकळी झाले, कौलासकट.

तिनं नीट ऐकलं. "आमच्यात कौल न्हाई, मला त्यातलं कळत न्हाई. पण तुम्ही इच्यारलं काय व्हतं?"

"पोरगा मला नेईल का."

"मंग नेतोय का पोरगा?"

"न्हाई."

"मंग खोटं काय बोलला तुमचा देव?"

आधी वडील नेतील का, मग मालक नेतील का, आता पोरगा नेईल का, जन्मभर हेच विचारत आले. मी जाऊ का, हे देवाला एकदाही विचारलं नव्हतं. तीन वेळा त्यानं खरं तेच सांगितलं आणि मी त्याच्यावर तोंड टाकलं. रशीदाबीनं एकाच फॉर्मवर दोघींची नावं लिहिली. शेजारशेजारच्या जागा मिळाल्या. पोळ्ळाचीच्या बसमध्ये मला ती बसवून देणार, पुढं पोळ्ळाचीला जावई घ्यायला उभे राहणार.

ती त्याच दिवशी, त्याच घटकेला तिथं कशी आली, हे मी कुणाला समजावून सांगायला जात नाही. मला ठाऊक आहे तेवढं पुरे.

घरी येऊन तिकीट दाखवलं, तर संतोष दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सामानाला बांधायची साखळी आणि कुलूप घेऊन आला, आणि सगळे फोन नंबर मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून दिले. त्याच्यावरचा राग अजून पुरता गेला नाही, खोटं कशाला बोलू. कमी झालाय.

उद्या गाडी आहे. आज सकाळी देवळात गेले, चुकले म्हणाले. गुरवानं फुलं पुढं केली, "लावू का कौल, आजी?"

"नको. आज काय इच्यारायचं न्हाई."

एकच फूल घेतलं आणि देवाच्या ओल्या खांद्यावर ठेवलं. ते पडलं असेलच. कुठल्या बाजूला, ते बघायला मी थांबले नाही. लाडवांचा डबा बांधायचा राहिला होता.