दोनशे चाळीस उलट्या काचा

काच हातात घेतली की मावशी तिचा कोपरा खालच्या ओठाला लावायच्या. चहाचा कप टेबलावर कधीच नाही, पायाशी जमिनीवर. पेन्सिल दोन्ही टोकांना तासलेली. लिफ्टमध्ये आरशाकडे पाठ. कुणी "नक्की ना?" विचारलं की "बहुतेक" म्हणायच्या. ते "बहुतेक" म्हणजे काळ्या दगडावरची रेघ असे.

वेधशाळेच्या तळघरात त्या काचा सांभाळत. सगळे त्यांना मावशी म्हणत. वयाने मोठे असलेलेसुद्धा. मी साहित्यात एम.ए. केलं, वर्षभर नोकरी मिळेना, शेवटी त्यांच्या वह्या संगणकावर चढवायच्या कामाला लागले. पहिल्या दिवशी त्यांनी मला चष्म्यावरून पाहिलं.

"साहित्य? म्हणजे नसलेलं दिसतं तुम्हाला. बसा, पंडितीणबाई."

काचा म्हणजे आकाशाचे जुने फोटो. पूर्वी दुर्बिणीतून ते काचेवर घेत. काचेच्या एका बाजूला रसायनाचा थर असतो. तो ओठाला किंचित चिकटतो, कोरी बाजू चिकटत नाही. थराची बाजू वर ठेवायची, खालून दिवा लावायचा, भिंगातून बघायचं. काळे ठिपके म्हणजे तारे. त्यांच्यामधले धूसर भोवरे म्हणजे दीर्घिका. आपल्या आकाशगंगेसारखी, अब्जावधी ताऱ्यांची दूरदूरची बेटं. प्रत्येक भोवरा कुठल्या बाजूला वळतो ते मावशी वहीत लिहीत. डावी. उजवी. अकरा वर्षं.

"त्यानं काय कळतं?" मी विचारलं.

"शंभर जणांनी आपापला भोवरा सोडला. निम्मे इकडे फिरतील, निम्मे तिकडे. पण जास्त भोवरे एकाच बाजूला फिरले तर?"

"तर दोरी गुंडाळणारा हात एकच."

"बघ. साहित्याचाही उपयोग होतो."

वह्यांमध्ये शंभरातल्या चौपन्न दीर्घिका डाव्या होत्या. हजारो नोंदींमध्ये एवढा फरक योगायोगाने पडत नाही. दीर्घिका घडत होत्या तेव्हा कशाने तरी त्यांना एकाच बाजूला पीळ दिला असेल का? तळघराची पायरी न उतरणारे वेधशाळेचे प्रमुख रोज खाली येऊ लागले. लेख तयार झाला. मावशींचं शिक्षण बी.एस्सी.पर्यंतचं. आजवर लेखांच्या शेवटी, आभारात, त्यांचं नाव असे. या लेखावर ते पहिलं होतं. तो कागद त्यांनी यजमानांना दाखवायला घरी नेला. यजमान शिंपी. त्यांनी म्हणे तो इस्त्री करून परत दिला.

लेख शुक्रवारी जायचा होता. सोमवारी मी घोटाळा केला.

जुन्या हस्तलिखितांमधले पाठभेद ताडून बघायला आम्हाला शिकवलं होतं. मला तेवढंच येत होतं, म्हणून तेच केलं. एकच दीर्घिका दोन काचांवर आली असेल तिथे दोन्ही नोंदी शेजारी मांडल्या. सगळ्या जुळत होत्या. चौथ्या कपाटाच्या मात्र पुष्कळशा नाहीत. इतरत्र डावी, तिथे उजवी.

मावशींनी त्या कपाटातली काच काढली. ओठाला लावली. उलटी करून पुन्हा लावली. मग पहिल्यांदाच भिंग घेऊन काचेचा कोपरा पाहिला.

ते कपाट दुसऱ्या वेधशाळेकडून आलं होतं. तिथे कुणीतरी थर टिकावा म्हणून त्यावर रोगण चढवलं होतं, त्यामुळे तो ओठाला चिकटत नव्हता. आणि कोऱ्या बाजूच्या कोपऱ्यात गळून पडलेल्या चिठ्ठ्यांचा डिंक होता.

"दोनशे चाळीस वेळा डिंक चाखला मी," मावशी म्हणाल्या. "आकाश समजून."

"सोपं आहे. तेवढ्या काचांच्या नोंदी उलट करू."

त्यांनी पेन्सिल उचलली. चौथ्या कपाटाची बेरीज काढत बसल्या. मग पेन्सिल ठेवली.

"काचा उलट्या होत्या. मग इथे काय जास्त यायला हवं?"

"उजव्या."

"आल्या काय?"

मी आकडा पाहिला. इथेही शंभरात चौपन्न डाव्या.

"ठळक होत्या त्या बरोबर उलट्या आल्या," त्या म्हणाल्या. "पुसट होत्या त्या मी ठरवल्या. आकाश उलटं झालं तरी मला डावंच दिसलं. आकाश कुठे कलत नाही गं. मी कलते."

हे आम्हा दोघींनाच माहीत होतं. मी ते बोलूनही दाखवलं. आज लाज वाटते. त्या चहा तसाच टाकून घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी हसत आल्या. "आमचे हे म्हणाले, मी कापड उलटं बेतलं तर गिऱ्हाईक दारात येऊन बोंबलतं. तुझं गिऱ्हाईक कुठे राहतं? म्हटलं, कोट्यवधी प्रकाशवर्षं लांब. म्हणाले, मग घाई कसली? उसवून नीट शिव."

प्रमुख खाली आले तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं.

"अकरा वर्षं, बाई!" ते म्हणाले.

"हो ना. तुमची नाहीत, माझीच."

लेख गेला नाही. त्यांनी पहिल्या कपाटापासून पुन्हा सुरुवात केली. आता काच मी ठेवायची, कधी सुलटी, कधी उलटी, आणि सांगायचं नाही. त्या बघून बोलायच्या, मी लिहायचं. डावी, उजवी आणि एक नवा रकाना: "ठाऊक नाही". तो भराभर भरू लागला. मला वाटलं, त्या खचतील. त्या उलट खुलल्या. डावंच का दिसतं, या एका प्रश्नाने त्यांना झपाटलं. पहारेकऱ्याला भिंगाशी बसवलं. यजमानांना बोलावलं, त्यांना सगळ्या उजव्या दिसल्या. "लग्नाला चौतीस वर्षं झाली," मावशी म्हणाल्या, "आत्ता भांडणांचं कारण कळलं."

मागच्या सोमवारी दुसऱ्या कपाटातली एकशे सहावी काच दिव्यावर होती. मधोमध एक पुसट दीर्घिका. त्या बराच वेळ वाकून बघत राहिल्या.

"ही असू दे. उद्या ताज्या डोळ्यांनी बघते."

मंगळवारी त्या आल्या नाहीत. दुपारी यजमानांचा फोन आला. सकाळी उठल्याच नाहीत, म्हणाले. आणखी काही बोलले, मला आठवत नाही.

काच अजून तिथेच आहे. वहीत एकशे सहापुढे जागा कोरी आहे. प्रमुख म्हणाले, तूच बघून भर. पण ती काच कुठल्या बाजूने ठेवली आहे, ते मला माहीत आहे.