माझ्या नावाने फिरलेला मेसेज

ती घटना आजही आठवते, पण पकडलेल्या आरोपीमुळे नव्हे, तर माझ्या हातून झालेल्या चुकीमुळे. निवृत्त माणसाने स्वतःची फजिती सांगायला हरकत नसते. आता माझी बढती कोण रोखणार?

मी तेव्हा भीमेकाठच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. नदीच्या एका बाजूला शिरूर तालुका, दुसऱ्या बाजूला दौंड; सोयरिकी मात्र दोन्ही काठांवर. मांडवगण फराट्याजवळच्या एका फूलशेती करणाऱ्या घरातली सून, दोन मुलांची आई, डायलिसिसवर होती. तिची आई किडनी द्यायला तयार होती. पुण्याच्या रुग्णालयाने शस्त्रक्रियेची तारीखही दिली होती, पण पैसे कमी पडत होते. तिच्या दहावीच्या बॅचने व्हॉट्सॲपवर मदतीचे आवाहन टाकले: तिचा फोटो, रुग्णालयाचे पत्र आणि खाली पैसे पाठवायचा क्यूआर कोड. देणगीदारांच्या नावांची यादी रोज संध्याकाळी ग्रुपवर पडे आणि तिथून गावोगाव फिरे. आमच्या भागात यादीला फार मान. भावकीतल्या एकाचे नाव झळकले की दुसऱ्याचा हात आपोआप खिशाकडे जातो. चांगल्या कामाला एवढी ईर्ष्या चालते, असे माझे मत आहे.

एके सकाळी पाटसचे एक आप्पा, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, ठाण्यात आले. “साहेब, पैशाचं काय न्हाई. दिलं ते दिलं. पण तीन दिस झालं, यादीत माझं नावच न्हाई. व्याह्याचं आलंय.”

ठाणे अंमलदार हसू दाबत होता. मी आप्पांचा फोन घेतला आणि त्यांच्याकडे आलेले आवाहन बॅचच्या आवाहनाशी ताडून पाहिले. फोटो तोच, पत्र तेच, क्यूआर कोड मात्र वेगळा. पैसे कोणा तिसऱ्याच माणसाच्या खात्यात गेले होते. पैसे गेले म्हणून आप्पा ठाण्याची पायरी चढले नसते. व्याह्यापुढे मान खाली गेली म्हणून ते आले आणि गुन्हा उघडकीस आला.

आप्पांची फिर्याद घेतली, गुन्हा दाखल झाला, बँकेला पत्र देऊन खाते गोठवले. इथपर्यंत सगळे रीतसर झाले. मग मला उत्साह आला. आवाहनाच्या चित्रावर लाल फुली मारून मी खाली लिहिले, “सावधान! या आवाहनावर कोणीही पैसे पाठवू नयेत.” खाली माझे नाव आणि हुद्दा. पोलीस पाटलांच्या ग्रुपवर तो मेसेज टाकला आणि जेवायला गेलो. परत येईपर्यंत तो दोन्ही तालुक्यांत पोहोचला होता. वरिष्ठांनी फोन करून शाबासकी दिली. मीही खूश होतो.

खाते केडगावच्या एका सत्तरीतल्या गृहस्थांचे निघाले. त्यांना क्यूआर कोड म्हणजे काय हेच ठाऊक नव्हते. “फोन पुतण्याकडं असतुया,” ते म्हणाले. “त्याचं फ्लेक्सचं दुकान हाय.”

पुतण्या चाळिशीचा, बोलायला गोड. बॅचचे मूळ आवाहन त्यानेच तयार केले होते. त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि पैशाचा विषयच काढला नाही. काम किती सुबक केले, किती घेतले, एवढेच विचारले. कौतुकापुढे माणूस सैल पडतो, हे मी नोकरीत अनेकदा पाहिले आहे.

“एक रुपाया घेतला न्हाई साहेब. धरमाचं काम म्हनून फुकाट केलं.”

“आणि चित्रं किती केली?”

“येकच.”

तोवर हवालदार पंचांसमक्ष जप्त केलेला त्याचा संगणक घेऊन आला. त्यात चित्रे दोन होती. पडद्याकडे पाहून त्याने कप खाली ठेवला.

“साहेब, आईच्यान सांगतो, पह्यलं चुकून झालं. जागा बगायला म्हनून चुलत्याचा कोड लावला हुता. त्योच फोटो एका ग्रुपवर गेला. सांजच्याला बगतो तर पैसं आल्यालं. म्हनलं, उद्या सांगू. मग आनखी आलं. मग न्हाई सांगवलं.”

त्याचे सुरुवातीचे म्हणणे मला खरे वाटले. पण ‘उद्या सांगू’ म्हणत त्याने तेच चित्र पुढे आणखी चार ग्रुपवर टाकले होते, आणि त्याला चूक म्हणत नाहीत. अटक झाली. माझ्या लेखी प्रकरण संपले.

चौथ्या दिवशी त्या बाईचा नवरा ठाण्यात आला. रांजणगावच्या एका कंपनीत तो कंत्राटी कामाला होता. आभार मानायला आला असेल, असे समजून मी त्याला बसायला सांगितले. तो उभाच राहिला.

“चोर धरला, बरं केलं साहेब. पन तुमचा मेसेज आल्यापास्नं एक रुपाया आला न्हाई. लोकं त्यो दाखवून इचारत्यात, बायको खरंच आजारी हाय का? आठ दिसावर ऑपरेशन हाय. आता काय करू, तुमीच सांगा.”

गोठवलेले पैसे न्यायालयाच्या आदेशाशिवाय सुटणार नव्हते. बॅचचा कोड खरा आहे, एवढे एक वाक्य लिहायला मला कितीसा वेळ लागला असता? घाईत ते लिहिलेच नव्हते. मनातून मी खजील झालो. लगेच खुलासा टाकला. पण बदनामीला पाय फुटतात, खुलाशाला नाही. तो कोणी पुढे पाठवेना.

तिच्या गावचे पोलीस पाटील जुने, अनुभवी गृहस्थ. ते म्हणाले, “साहेब, मोबाइलनं व्हायचं न्हाई. उद्या घाटावर दहावा हाय, मोठं घर हाय. बारा गावचं लोक असत्यात. तितं उभं राहून बोला.”

अनोळखी माणसाच्या दशक्रिया विधीला वर्दीत जायचे आणि माईकवर स्वतःची चूक कबूल करायची. रात्रभर मी सबबी शोधत होतो. सकाळी गेलो.

प्रवचन झाले. श्रद्धांजलीची भाषणे सुरू होण्याआधी घरच्यांनी मला माईक दिला. मी म्हणालो, “तो मेसेज माझा. घाई माझी. बाई खरी आहे, आजार खरा आहे आणि बॅचचा कोडही खरा आहे. तुमच्या दुःखात हे बोलावे लागतेय, त्याबद्दल क्षमा करा.”

मग मृताचे थोरले भाऊ उठले. “आबांच्या नावानं देवळाला द्यायचं हुतं, ते आमी या लेकीला देतो,” एवढे बोलून ते खाली बसले. दुपारपासून पैसे पुन्हा येऊ लागले.

तरीही ठरलेली तारीख चुकली. शस्त्रक्रिया तीन आठवडे उशिरा झाली आणि यशस्वी झाली. आरोपीवर दोषारोपपत्र गेले. माझ्या मेसेजला मात्र कुठलेच कलम लागत नव्हते. पुढच्या नोकरीत प्रत्येक हाताखालच्या अधिकाऱ्याला मी एकच सांगत आलो: खोटे काय ते सांगताना खरे काय तेही त्याच कागदावर लिहा.

वर्षभराने ती बाई शिरूरच्या बाजारात शेवंती विकताना दिसली. मी ओळख दिली, तब्येत विचारली.

“बरी हाय साहेब,” ती म्हणाली. फुले तोलता तोलता थांबली. “एक सांगू? तवा लोकं इतकं इचारायची, की मला बी वाटाया लागलं, आपन खरंच आजारी हाय, का नाटक करतुया.”

घाटावर बारा गावांपुढे मी क्षमा मागितली होती, पण हिच्याकडे कधी गेलोच नव्हतो. मी टोपी काढली आणि भर बाजारात तिची माफी मागितली.