खंडेनवमीला अडलेलं मशीन

नीलक्का बडिगेरला दुकानात बोलावणं म्हणजे आपण होऊन चार शब्द ऐकून घेणं. कॉम्प्युटर सुरू होत नाही असं फोनवर सांगितलं, की ती आधी विचारणार, भिंतीवरचं बटण चालू आहे का. सतरा वर्षं मी गदग-बेटगेरीत लग्नपत्रिका छापतोय, मला भिंतीवरचं बटण कळत नाही? पण छे. मग वायर घट्ट आहे का, काल कुणी काय हलवलं. एकदा खरंच वायर निघालेली होती, तेव्हापासून तर विचारूच नका.

तिचा बाप मोनप्पा सुतार. गदगातल्या अर्ध्या घरांच्या चौकटी त्याच्या हातच्या. मुलगा नाही, तेव्हा हत्यारं लेकीकडे जातील असं तो धरून चालला होता, आणि लेक आयटीआयला जाऊन तारा जोडायला शिकून आली. सुतारशाळेतच एका अंगाला तिनं टेबल टाकलं. इकडे उघडी मशीनं, तिकडे रंधा मारणारा म्हातारा. भुसा उडतो म्हणून दोघांचं रोज वाजतं. तिला बघायला आलेल्या एका पाहुण्याचा बंद मोबाइल तिनं दुरुस्त करून दिला आणि त्याला तसाच परत पाठवला, हे गावात अजून सांगतात. आता ती चाळिशीला आली. मशीनची नाडी तिच्याइतकी कुणाला कळत नाही हे मीही मानतो, फक्त तिच्यासमोर म्हणत नाही.

त्या वर्षी माझी बायको कस्तुरी अंगणवाडीत सेविका होती, बारा वर्षं झाली होती. पर्यवेक्षिकेच्या जागा निघाल्या. वयाची अट अशी, की या खेपेला अर्ज गेला तर गेला, पुढच्या खेपेला ती बसणार नव्हती. अर्ज कॉम्प्युटरवरूनच भरायचा. अर्धा मी आठ दिवस आधीच भरून ठेवला होता, तिचा फोटो आणि दाखले मशीनमध्येच होते. पण उद्या करू, उद्या करू म्हणत लोकांच्या पत्रिका आधी उरकल्या. शेवटची तारीख नेमकी खंडेनवमी, संध्याकाळी पाचपर्यंत. मी म्हटलं, सकाळी पूजा, मग जेवण, मग अर्ज. पाच मिनिटांचं तर काम, देव तेवढी सूट देईल.

पूजा दणक्यात केली. मशीनवर हळदीचं पाणी शिंपडलं, गंधात कुंकू कालवून बटणाला भरघोस मळवट भरला, झेंडूचा हार घातला, दारात कोहळा फोडला. पुरणाची होळगी खाऊन तीन वाजता बटण दाबलं. पंखा गुरगुरला आणि चार मोजेपर्यंत थांबला. वायर काढून परत लावली. पुन्हा गुर्र, पुन्हा बंद. मी मशीनला दोन चापट्याही मारल्या. कस्तुरी मागे उभी राहून घड्याळाकडे बघत होती, त्यानं माझं डोकं जास्तच फिरलं.

बाजारात सगळी शटरं खाली. गाडी काढून नीलक्काकडे गेलो. मोनप्पानं करवत, पटाशी, रंधा पाटावर मांडले होते आणि त्याच रांगेत लेकीचे स्क्रूड्रायव्हर, पकड, मीटर. सगळ्यांना कुंकू. माझं ऐकून म्हातारा म्हणाला, "आज हत्यार उठत नाही, पंपण्णा. उद्या दसऱ्याची बन्नीची पानं वाटून झाली की या."

उद्या म्हणजे वरातीमागून घोडं. मी विनवण्या केल्या, मग चिडलो, यंत्राला कसला आलाय सण असंही बोलून बसलो. हे कोण बोलतंय, तर घरी मशीनला हार घालून आलेला मी. म्हातारा ढिम्म. नीलक्कानं एवढंच विचारलं की अर्ज कुणाचा. मी सांगितलं. ती उठली आणि रिकाम्या हातांनी गाडीवर मागे बसली. मोनप्पानं तिच्या हातांत हत्यार नाही एवढं बघून घेतलं.

दुकानात आल्या आल्या तिनं भिंतीवरचं बटण बघितलं. सव्वाचार झाले होते, मी दात खात उभा राहिलो. मग तिनं कान लावून गुरगुर ऐकली, बोटांवर चार मोजले आणि मशीनच्या बटणावरून बोट फिरवलं. ते आत रुतून बसलं होतं.

"पंपण्णा, दाबलेलं बटण तुम्ही अजून सोडलेलंच नाही," ती म्हणाली. "कुंकू वाळून चिकटलंय. असं दाबून धरलं की मशीनला वाटतं, बंद हो म्हणताय."

नखानं उकरलं, ओल्या फडक्यानं पुसलं, बटण काही बाहेर येईना. तेव्हा झाकण काढायचं ठरलं. चारपैकी तीन स्क्रू मीच कधी तरी हरवलेले, त्याबद्दल ऐकून घेतलं. उरलेला एक तिच्या बोटांनीच फिरला. बटणाची वायर तिनं आतून उपटली. आता त्या जागच्या दोन बारीक काड्यांना धातूचं काही तरी बारीक क्षणभर टेकवलं की झालं. पण टेकवायचं काय? माझी कात्री पूजेत, पट्टी पूजेत, घरातली विळीसुद्धा पूजेत. साडेचार होऊन गेले.

"वैनी, केसातली पिन काढा," नीलक्का म्हणाली. कस्तुरीनं पिन पुढे केली, पण हिनं ती घेतली नाही. "माझा धंदा आज झोपलाय. तुम्हीच टेकवा. इथं शॉक बसत नाही. टेकवा आणि लगेच सोडा, नवऱ्यासारखं धरून बसू नका."

कस्तुरीनं टेकवली आणि सोडली. पंखा फिरला आणि फिरतच राहिला. मी खुर्चीकडे सरसावलो, तर ती आधीच बसली होती. मी कुठं काय दाबायचं ते सांगत होतो, ते तिला बहुतेक माहीतच होतं. पाचला बारा मिनिटं कमी असताना अर्ज पोचल्याचा नंबर पडद्यावर आला. तिनं तो दोनदा मोठ्यानं वाचला.

मला असं हायसं वाटलं की तोंड सुटलं. म्हटलं, बघ, मशीननं ऐन वेळी दगा दिला तरी झालं की नाही वेळेत.

कस्तुरीनं पिन परत केसात खोचली. "मशीन आठ दिवस चालूच होतं," ती म्हणाली.

मी नीलक्काकडे बघितलं. ती दारात चपला घालत होती. या बिघाडात तिनं हात घातला नाही.