वाघाच्या जागी चौकडीचा शर्ट

फोटो काढायला मी शिकलो ते गणपतीच्या आगमनात. चिंचपोकळीच्या त्या गर्दीत कॅमेऱ्याला डोळा लावणं म्हणजे डोळा गमावणं. तिथे पद्धत एकच: दोन्ही हात वर, कॅमेरा डोक्यावर, "ए, बाजूला हो!" अशी आरोळी आणि न बघता धडाधड दोनशे फोटो. त्यापायी माझे हात चार इंच लांब झालेत. खोटं वाटत असेल तर माझ्या शिंप्याला विचारा.

ताडोब्यात पहिल्या सफारीला समोर वाघीण आली, तेव्हा हातांनी तेच केलं. मी जिप्सीच्या सीटवर चढलो, कॅमेरा वर, आणि सवयीने ओरडलो, "ए, बाजूला हो!" वाघीण झाली बाजूला. इतकं निमूट माझ्या घरात कोणी ऐकत नाही. फोटो आले एकशे ऐंशी. सगळ्यांत बांबू.

"लाज काढलीस रे," माझा दोस्त म्हणाला. आम्ही एका चाळीत वाढलो, एकाच मिरवणुकीत कोपरं मारत फोटो काढले. पण मधल्या काळात त्याने वन्यजीव फोटोग्राफीचं शिबिर केलं होतं आणि तेव्हापासून तो हळू आवाजात बोलायचा. "जंगल म्हणजे काय आगमन आहे? खाली बसायचं. वाट बघायची. कॅमेरा वाघाच्या डोळ्याच्या उंचीला, फोकस डोळ्यावर, आणि श्वास सोडताना बटण."

मला शिकणं भाग होतं. करी रोडच्या नव्या टॉवरमध्ये राहायला गेल्यापासून सोफ्यासमोरची भिंत मी मोकळी ठेवली होती. इथे मी काढलेला वाघ लागणार, हे अख्ख्या मजल्याला सांगून झालं होतं. मजला कमी पडला म्हणून लिफ्टमधल्या अनोळखी माणसांनाही सांगितलं होतं. बायकोने खिळासुद्धा ठोकून घेतला होता. "अहो, वाघ येईपर्यंत छत्री लावते," म्हणाली आणि खरंच लावली.

मग शिकवणी सुरू झाली. दर रविवारी सकाळी, मासळी बाजारात, मांजरांवर. ओल्या फरशीवर मी पालथा, लेन्सखाली तांदळाची कापडी पिशवी, कोपरं बरगड्यांना चिकटलेली आणि समोर बोंबलाच्या टोपलीवर नजर ठेवून बसलेला एक बोका. मासेवाली मावशी म्हणायची, "ओ दादा, मासा घ्यायचाय की मांजर?" दोस्त डोक्याशी उभा राहून कुजबुजायचा, "हलू नकोस. तो बघेल तुझ्याकडे. बसून राहा." तीन महिन्यांत बाजारातली समस्त मांजरं मला ओळखायला लागली, दोघी-तिघींनी तर कान टवकारून पोझही दिली. शेवटी एका काण्या बोक्याचा फोटो बघून तो म्हणाला, "आता तू तयार." एवढ्या वासात उभा असूनही मला भरून आलं.

दुसरी सफारी. सकाळची कोवळी उन्हं, पाणवठ्याची वाट. तो पुढच्या सीटवर, मी मागच्या. वानरं ओरडली, गाइडने बोट केलं, आणि समोरच्या वाटेवरून वाघ चालत आला. थेट आमच्याकडे, मैदानाएवढा रुंद. मी हललो नाही. तांदळाची पिशवी, कोपरं, डोळ्यावर फोकस. श्वास सोडला.

आणि फ्रेममध्ये चौकडीचा शर्ट उगवला.

दोस्त सीटवर चढला होता. दोन्ही हात वर, कॅमेरा डोक्यावर, धडाधड!

"बसून घ्या ना जी, साहेब," गाइड म्हणाला.

"बस रे!" मी दातांतून म्हणालो. उत्तरादाखल त्याचं कोपर माझ्या लेन्सवर आपटलं. वाघ चांगला पाच मिनिटं थांबला होता म्हणे. माझ्या फोटोंत शर्टाचे टाके मोजता येतात.

"तूच म्हणाला होतास ना बसायचं," परतताना मी म्हणालो.

"अरे, हात आपोआप गेले."

हे मी पचवलंही असतं. तसलेच हात मलाही आहेत. पण महिन्याभराने दादरच्या एका हॉलमध्ये त्याच्या फोटोंचं प्रदर्शन लागलं. मधोमध तो वाघ. माईक हातात घेऊन हा हळू आवाजात सांगतोय, "चाळीस मिनिटं मी जागचा हललो नाही. संयम." मग पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्याकडे बघून हसला. "माझा एक मित्र आहे. त्याला मी अजून बसायला शिकवतोय." हॉल हसला. मीही हसलो, आजूबाजूला सगळे हसत असताना वेगळं काय करणार?

पुढच्या रविवारी तो घरी आला, तोच फोटो फ्रेम करून. "तुझ्या भिंतीला," म्हणाला. स्वतःच छत्री काढली, स्वतःच वाघ लावला आणि चहाला बसला. तेवढ्यात शेजारच्या मालवणी आजी दारातून डोकावल्या.

"अगो बाय! ह्यो वाघ तुमीच काढलात काय ओ?"

माझ्याआधी तोच बोलला. "हो आजी, यानेच काढला."

वाघ नेला, संयम नेला, ते एक वेळ सोडा. पण या घरात थापा मारण्याचा हक्क माझा आहे, तोही त्याने माझ्याच सोफ्यावर बसून मारला. उपकार केल्यासारखा.

"नाही आजी," मी म्हणालो. "यानेच काढलाय. सीटवर उभा राहून. मी मागे खाली बसलो होतो."

आजींना काही कळलं नाही. त्याला कळलं. त्याने कप खाली ठेवला. मी वाघ भिंतीवरून उतरवला, त्याच्या हातात दिला आणि लिफ्टपर्यंत सोडायला गेलो नाही.